एप्रिलातल्या पुरणपोळ्या

नाना, तुम्ही मला फसवलंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, दर श्राद्धाला मी तुमच्या फोटोला हार घालते, आणि आता माझ्याच निवृत्तीचे वेध लागलेले असताना हे तुम्हाला लिहायची वेळ आली. समोर असता तर तोंडावर बोलले असते. तुम्ही नेहमीसारखा चष्मा काढून पंच्याने पुसत बसला असता, आणि मी बोलून बोलून दमले की शांतपणे विचारलं असतं, “झालं?” तुमच्या या एका शब्दाचा मला लहानपणापासून राग येतो. आज तो ऐकावा लागणार नाही, एवढीच काय ती सोय आहे.

ज्या बँकेत तुम्ही जन्म काढलात, तिथेच मी लागले, हे तुम्ही पाहिलंत. मी आता झाशीच्याच विभागीय कार्यालयात बसते, हे पाहायला तुम्ही नव्हता. माझं काम शाखांचा ताळेबंद तपासायचं. कोणती शाखा कमावते, कोणती नुसती खाते, आणि खाणारीचं पुढे काय करायचं, हे वरच्यांना लिहून द्यायचं. या हिवाळ्यात माझ्या टेबलावर बडा बाजारची शाखा आली. तुमची शाखा. ती स्टेशनाकडच्या मोठ्या शाखेत विलीन करावी की राहू द्यावी, यावर मी मत द्यायचं होतं. फाइल उघडली तेव्हा मला वाटलं होतं की अवघड जाईल, कारण तुमची आठवण येईल. कशामुळे अवघड जाणार होतं, याची मला कल्पनाही नव्हती.

बँक म्हणजे काय, हे मला तुम्ही स्वयंपाकघरात शिकवलंत. ओरछा गेटचं घर, थंडीतला रविवार, आई शेगडीपाशी, आणि तुम्ही पाटावर बसून मटार सोलताय, कारण रविवारचे मटार तुमच्याकडे. मी शाळेत मारलेली बढाई सांगतेय. मैत्रिणीला म्हटलं, माझ्या वडिलांच्या बँकेत बडा बाजारातला सगळा पैसा आहे, आम्ही खूप श्रीमंत आहोत. तुमचा हात थांबतो. “चूक,” तुम्ही म्हणता, आणि असे रोखून बघता की मला रडूच येतं. “तो पैसा लोकांचा. बँकेच्या डोक्यावर ते ओझं आहे. उद्या आईनं लागतं त्याच्या दुप्पट दूध घेतलं आणि तसंच ठेवून दिलं, तर काय होईल?” नासेल, मी म्हणते. “आणि दूधवाल्याचे पैसे?” द्यावेच लागतील. “तसंच बेटा. ठेवीवर व्याज रोज चढतं, आम्ही झोपलो तरी चढतं. ते दूध अशा कुणाला तरी द्यायला हवं जो त्याचं काही करेल आणि वर चार पैसे देईल. पण कुणालाही वाटत सुटलं तर दूध तर जातंच, भांडंही परत येत नाही.” तेवढ्यात आई मागे न वळता म्हणते, “आणि तापवायला गॅस जळतो तो?” तुम्ही एकदम हसता. “हे बघ. हिला मॅनेजर करायला हवं. तो खर्च.” पुढे परीक्षांसाठी मी नफ्यावरची जाडजूड पुस्तकं वाचली. कर्ज किती दिलं, त्यातलं परत किती आलं, आणि ते सगळं करताना खर्च किती झाला, याच्या पलीकडे त्यांत फारसं काही नव्हतं. ते मला मटार सोलता सोलताच कळलेलं होतं.

खर्चाच्या बाबतीत तर तुम्ही कहर होता. आलेली पाकिटं उलटी करून परत वापरायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पंखे बंद. एकदा मी डबा द्यायला शाखेत आले, तर तुमचे हेड कॅशिअर, ते बुंदेलखंडी मिश्यावाले, अंधारात बसून नोटा लावत होते आणि मला म्हणाले, “बिटिया, पापाजी से पूछो, उजाला भी अब वाउचर पे मिलेगा क्या?” सगळी शाखा हसली, तुम्हीही हसलात, पण दिवा लावला नाहीत. साऱ्या विभागात कमी खर्चाची शाखा म्हणून तुमचं नाव होतं, आणि ते खरंच होतं. तुमचं दुखणं निराळं होतं. बडा बाजारचे व्यापारी पैसा बँकेत ठेवायचे, पण कर्ज बँकेकडून घ्यायचे नाहीत. लागलं तर आपसांत, तोंडी शब्दावर घ्यायचे. बँकेचं कर्ज काढणं म्हणजे आपलं दुकान बसत चाललंय अशी दवंडी पिटणं, असं त्या बाजारात मानत. त्यामुळे तुमच्याकडे ठेवींचा ढीग आणि कर्ज नावापुरतं. शिल्लक रक्कम मुख्यालयाकडे जायची आणि त्यावर तिथून जेमतेम काही मिळायचं. जेवताना तुम्ही आईला म्हणायचात, “बघ, इतकी काटकसर करून नफा हाताला लागत नाही.” मग एका वर्षी आकडे सुधारले. पुढच्या वर्षी आणखी. तुम्हाला लखनौला बोलावून ढाल दिली, आणि ती ढाल आपल्या फडताळात काचेमागे, देवांच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसली.

आणि त्याच वर्षांपासून पुरणपोळ्या सुरू झाल्या. एप्रिलाचा पहिला रविवार आला की आई पहाटेपासून पुरण वाटायची, आणि दहा वाजता तुम्ही आणि मी डबे घेऊन निघायचो. भांड्यांचं दुकान, किराणा, साड्यांवाले, सराफ. प्रत्येक दुकानात तुम्ही हात जोडून म्हणायचात, “हमारे यहाँ का त्योहार है, पाडवा.” ते लोक डबा कपाळाला लावून घ्यायचे. कधी पाडवा होऊन पंधरवडा झालेला असायचा, कधी यायचाच असायचा. आई पुटपुटायची, “तिथी बदलते, पण यांचा पाडवा बदलत नाही.” तुम्ही म्हणायचात, मार्चअखेरच्या कामात सण राहून गेला, आता करतोय. मला काय अभिमान वाटायचा! आमची चार मराठी घरं इतक्या पिढ्या या गावात राहून हिंदीत बोलायला लागली, माझे चुलतभाऊ तर मराठीत नुसतं हूं हूं करतात. पण आमचे नाना आमचा सण साऱ्या बाजाराच्या तोंडात घालतात. नव्या फ्रॉकात, दोन्ही हातांत डबे, मी तुमच्या पुढे चालायची.

मग मी बँकेत लागले, अधिकारी झाले, आणि मॅनेजर म्हणून पहिली शाखा मिळाली टहरौलीची. लहानसं गाव, शाखेत मोजकी माणसं. मी तिथे तुमच्यासारखंच केलं. खर्च कमी, आणि कर्ज देताना माणूस बघून, घरी जाऊन, त्याच्या बायकोशी बोलून दिलं. मसाल्याची चक्की टाकणारी एक बाई होती, पंप दुरुस्त करणारे दोघे भाऊ होते. सगळ्यांचे हप्ते वेळेवर. शाखा थोडं का होईना पण खरं कमवत होती. पण ठेवींच्या मानाने कर्जाचा आकडा वरच्यांना हवा तेवढा नव्हता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विभागप्रमुखांचा फोन आला. ज्यांच्या मुदत ठेवी आहेत त्यांना त्याच ठेवीवर कर्ज द्या, पैसे त्यांच्याच खात्यात टाका, तारीख उलटली की फिरवून घ्या. कागदावर ठेवीही फुगतात, कर्जही फुगतं. “सब करते हैं, मैडम,” ते म्हणाले. मी त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन घरी होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही जरा वेळ काही बोलला नाहीत, मागे आईचा कुकर वाजत होता. मग तुम्ही म्हणालात, “खरा असेल तोच आकडा लिही. वरचे रागावतील, रागावू देत.”

मी तसंच केलं. आणि ते रागावले. बैठकीत तक्त्याच्या तळाला माझी शाखा, सगळ्यांसमोर मला उभं करून विचारणा, बढतीच्या यादीतून नाव बाहेर, आणि उन्हाळा संपायच्या आत बदली, थेट पार पूर्वेला, नेपाळच्या सरहद्दीकडे. मी रडले नाही. माझ्या मनात एकच होतं, नानांची मुलगी आहे, नानांनी सांगितलं तसं वागले. तिथेच असताना आई आजारी पडली. रजा मागितली तर तपासणी चालू आहे म्हणून अडवली. निघायला मिळालं तेव्हा गाडीत असतानाच कळलं की आता घाई करून उपयोग नाही. तेराव्याला, पाहुणे गेल्यावर, तुम्ही ओसरीवर बसला होता आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “तू इतकं ताणायला नको होतंस. जरा नमतं घ्यायचं.” मी थक्क झाले. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं म्हणून ते मनातून काढून टाकलं. त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत, आणि मी तुम्हाला त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

अर्थ मला या माघात कळला. मी शाखा बघायला बडा बाजारात गेले होते. आकडे वाईटच होते. ठेवी भरपूर, कर्ज तेच नावापुरतं, आणि खर्च तुमच्या वेळेसारखा राहिलेला नाही. जागेचं भाडं, रखवालदार, एसी, जनरेटर. मी प्रामाणिकपणे मार्ग शोधत होते. दुकानादुकानांत जाऊन म्हटलं, धंदा वाढवायला खरं कर्ज घ्या, मी मंजूर करवून देते. किराण्याच्या दुकानातला मुलगा हसला. “आंटी, लोन तो मोबाइल पे आ जाता है, दुकान पे बैठे-बैठे.” शेवटी मी त्या भांड्यांच्या दुकानात गेले, जिथे आपण सगळ्यात आधी डबा द्यायचो. ते म्हातारबा आता पार वाकलेत, मुलगा गल्ला बघतो, पण मला ओळखून त्यांनी हात धरून गादीवर बसवलं. शाखा जाणार असं कानावर आल्यामुळे ते काळजीत होते. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी पेन्शनीसाठी, व्याजासाठी स्टेशनाकडे ई-रिक्षात हाडं खिळखिळी करून घ्यायची का, असं म्हणत होते. मी त्यांना खरं ते सांगितलं, की इथे कर्जच दिसत नाही.

“बस इत्ती सी बात?” ते लेकीला म्हणावं तसं म्हणाले. “अरे बिन्नू, करजा दिखाने है तो हम उठा लेत। साब के जमाने में हर मार्च उठात हते। अपनी ही एफडी पे करजा, चार दिना बाद वापस। पूरे बजार से उठवात हते साब। बैंक सोई खुश, साब सोई खुश, दोई खुश।” आणि मग मुलाकडे वळून, डोळे बारीक करून, अगदी लाडाने, “और फिर अप्रैल में पूरनपोली! हम तो हँसी में कैत हते, साब को ब्याज मीठो है।” मुलगाही हसला. त्याला ही गोष्ट पाठ होती. साऱ्या बाजाराला पाठ होती. त्यांच्या लेखी ही तुमची तारीफ होती, नाना. असा मॅनेजर पुन्हा होणे नाही, असं ते मला सांगत होते, आणि मी हातात चहाचा कप घेऊन बसले होते. तो प्यायले की नाही हे मला आठवत नाही.

बाहेर आले आणि चालत सुटले. मला सगळ्यात आधी पोळ्याच आठवल्या. आईच्या हातांना पाटावरवंट्याने पडलेले घट्टे आठवले. तिला तुम्ही सांगितलं होतंत का? मला वाटतं नाही. तिचा सण तुम्ही वापरलात, आणि तिचे डबे माझ्या हातांनी पोचवलेत, कारण फ्रॉकातली मुलगी दारात उभी राहिली की व्यापारी पुढच्या वर्षी नाही म्हणणार नाही. त्या कर्जातून बँकेला दमडीचा नफा झाला नव्हता, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? ज्यांचा पैसा त्यांनाच देऊन परत घेतला. उलट कागद, शाई, माणसांचा वेळ खर्ची पडला. पाकिटं उलटी करून वाचवलेलं तुम्ही तिथे घालवलंत. आणि ती ढाल तुम्ही देवांच्या वर ठेवलीत.

हे सगळं मी माफ केलं असतं. खरंच. तुमच्या जागी किती दडपण असेल, घर चालवायचं होतं, बाजार कर्ज घेत नव्हता, तुम्ही एकटे काय करणार. मी तपासणीला जाते तेव्हा असे मॅनेजर मला रोज भेटतात, आणि मी त्यांना फाडून खात नाही. मला सहन होत नाही ते त्या संध्याकाळचं तुमचं वाक्य. तुम्हाला इतकंच म्हणायचं होतं, “बेटा, मीही केलं आहे, तू तुझं बघ.” मग मी जे केलं असतं ते माझं असतं. तुम्ही मला ठरवू दिलं नाहीत. स्वतः कधी चालला नाहीत त्या रस्त्यावर मला हाताने धरून सोडलंत आणि दार लावून घेतलंत. माझी नोकरी गेली नाही, पण त्यातली चांगली वर्षं गेली, आणि आईचे शेवटचे दिवस गेले. आणि ते गेल्यावर तुम्ही मला म्हणालात की नमतं घ्यायचं होतं! लोक म्हणतील, बाप होता, आपल्यापेक्षा मुलीनं चांगलं व्हावं असं वाटलं असेल. मीही रात्रंदिवस स्वतःची तशी समजूत घालून पाहिली. घटकाभर बरं वाटतं, आणि मग तो कुकर ऐकू येतो आणि तुमची ती गप्प राहण्याची वेळ. त्या वेळात तुम्ही काय ठरवत होता?

दुसऱ्या दिवशी शाखेचा तरुण मॅनेजर माझ्या केबिनमध्ये आला. व्यापारी मंडळींनी त्यालाही गाठलं होतं. “मैम, सब तैयार हैं,” तो हळूच म्हणाला, “मार्च में रेशो सुधर गया तो फ़ाइल रुक जाएगी।” आणि तसं झालंही असतं. आता संगणक रोजचा आकडा दाखवतो, पण बघायचं नसेल तर कुणी बघत नाही. माझ्या एका होकाराने तुमची शाखा वाचत होती. ते म्हातारबा चालत जाऊन आपलं व्याज आणू शकत होते, पाटी राहणार होती. मी त्याला म्हटलं, “नहीं.” तो का म्हणून बघत राहिला, पण मी कारण सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच खात्री नव्हती की हे मी तत्त्वासाठी करतेय की तुमच्यावर सूड म्हणून. शाखा तोट्यात आहे, कर्ज वाढण्याची चिन्हं नाहीत, खर्च कमी होण्यासारखा नाही, विलीनीकरण योग्य. असं लिहिलं आणि सही केली. प्रत्येक शब्द खरा होता.

शाखेच्या शेवटच्या दिवशी तिथल्या लोकांनी छोटासा कार्यक्रम ठेवला. बाजारातले जुने लोक आले होते, सतरंजी घातली होती, समोशांचा वास सुटला होता. शाखा बंद करणारी बाई म्हणून माझ्याकडे कुणी रागाने बघत नव्हतं, साबांची मुलगी म्हणूनच सगळे बघत होते. त्या तरुण मॅनेजरने ऐन वेळी माइक माझ्या हातात दिला. “मैम, अपने पिताजी के बारे में दो शब्द।” समोर भांडीवाले, सराफ, साड्यांवाल्यांचा मुलगा. दर मार्चला ज्यांनी तुमच्यासाठी सह्या केल्या, ते सगळे. माझ्या जिभेवर काय काय होतं, ते मी या पत्रात वर लिहिलंच आहे.

नाना, मी म्हणाले, “मेरे पिताजी ने अपनी पूरी नौकरी में एक भी झूठा आँकड़ा नहीं लिखा।” कुणी हसलं नाही. कुणी एकमेकांकडे पाहिलंही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, सराफांनी हात जोडले, आणि भांडीवाल्या म्हातारबांनी मोठ्याने म्हटलं, “हओ बिन्नू, सच्ची बात।” मग टाळ्या झाल्या.

या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्हाला एवढं सगळं सुनावल्यावर पुढची कबुली तुमच्या हाती लागू द्यायची माझी तयारी नाही. ते वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं, आणि कुणी मला भरीला घातलेलं नव्हतं. बोलताना जीभ अडखळली नाही. उलट, खाली बसले तेव्हा मला फार बरं वाटत होतं.